आडनाव, वंश आणि पुरावा : पारगडच्या मालुसरे घराण्याच्या निमित्ताने

मराठीतील ‘कुलवृत्तान्त’ या ग्रंथप्रकाराकडे टीकाकारांनी म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि घरोघरच्या दप्तरांना प्रतिष्ठा आली. गोखले, पेंडसे, आपटे इत्यादी घराण्यांचे वृत्तान्त याच वातावरणाचे फळ होय. त्यांच्या संपादकांची चिकाटी वादातीत आहे. तथापि या ग्रंथांपैकी पुष्कळांच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीत असते : आडनाव एक, म्हणून मूळपुरुष एक. प्रस्तुत लेखात या गृहीताचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. मराठी आडनावे एका जातीची नाहीत. कुलकर्णी, देसाई, पाटील ही अधिकारवाचक होत. ज्या गावी तो अधिकार, त्या गावी ते नाव. त्यांवरून रक्तसंबंध ठरविणे म्हणजे सर्व न्यायाधीशांना भाऊबंद समजण्यासारखे आहे. ‘-कर’ प्रत्ययान्त नावे ग्रामवाचक. पण गावात राहणाऱ्यास गावाचे नाव लावण्याचे प्रयोजन नसते. ते नाव बहुधा गाव सोडल्यावर, परक्यांच्या तोंडी, चिकटते. म्हणजे असे आडनाव कुळाचा उगम सांगत नाही. कोठून निघाले एवढेच सांगते. राहिली कुळवाचक नावे. जाधव, मोरे, पवार ही नावे अनेक जातींत आढळतात. आणि मराठा समाजात सोयरीक ठरविताना केवळ आडनाव पाहून भागत नाही, देवक विचारावे लागते. समाजाने स्वतः जे पुरेसे मानले नाही, ते संशोधकाने पुरेसे का मानावे?

आता उदाहरण घेऊ. चंदगड तालुक्यातील पारगड हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये वसविला आणि तानाजींचे पुत्र रायबा यांस तेथील किल्लेदारी दिली, अशी परंपरा आहे. गडावर मालुसरे आडनावाची घरे आजही नांदत आहेत. तानाजी १६७० मध्ये कोंढाण्यावर पडले. तानाजी व त्यांचे बंधू सूर्याजी सभासदाच्या बखरीत येतात. रायबाचे लग्न मात्र लोकमनात रुजले ते मुख्यतः पोवाड्यामुळे. बखर आणि पोवाडा यांचे साक्षीमूल्य भिन्न आहे, आणि वंशवृक्ष रेखाटताना या दोहोंची गाठ एकाच शाईने मारता येणार नाही.

सभासदाच्या बखरीत ‘मालुसरा’ असे एकवचनी रूप येते, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मालुसरे’ हे त्याचे अनेकवचन. ते आदरार्थीही आहे आणि समूहवाचकही. म्हणून पुढील एखाद्या कागदात ‘मालुसरे’ आढळले, तर ती एक व्यक्ती की भाऊबंदांचा जमाव, हे संदर्भावरून ठरवावे लागते. वंशावळीत एक पिढी वाढण्यास किंवा गळण्यास एवढा एक एकार पुरतो.

कागदांची वाटही सरळ नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरास जोडला गेला. सबब, केवळ कोल्हापुरात शोध घेऊन ‘पुरावा नाही’ म्हणणारा अभ्यासक घाई करील. बेळगावची महसुली दप्तरे व पुण्याचे पेशवे दप्तर पाहिल्यावाचून असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय कागद सापडला म्हणजे सत्य सापडले असेही नव्हे. जुन्या वंशावळी बहुधा वतनाच्या तंट्यात, करीना व महजर यांच्या अनुषंगाने सादर झालेल्या असतात. त्या साक्षी खऱ्या, पण पक्षकाराच्या. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. तेव्हापासून तेथे हक्काची जागा अभिमानाने घेतली आहे, आणि अभिमान हा हक्काहून अधिक प्रामाणिक साक्षीदार असतो, असे मानण्यास आधार नाही.

हा दोष आपलाच नव्हे. न्यू इंग्लंडमधील आद्य वसाहतकऱ्यांच्या एकेका आडनावाची चरित्रे अमेरिकेत शतकाहून अधिक काळ लिहिली जात आहेत. ‘तीन भाऊ जहाजातून उतरले’ ही कथा तेथे इतक्या घराण्यांत आढळते की जाणकार तिच्याकडे संशयानेच पाहतात. गुस्ताव्ह आंझू याने तर धनिकांना बनावट वंशावळी पुरविल्या. पण त्याच देशात जेम्स सॅव्हेज याने १८६० ते १८६२ या काळात चार खंडांचा कोश सिद्ध केला. मे १६९२ पूर्वी आलेल्यांच्या तीनच पिढ्या नोंदवावयाच्या, ही मर्यादा त्याने स्वतःस घालून घेतली. पुढे डोनाल्ड जेकोबस याने प्रत्येक दुव्यास स्वतंत्र पुरावा मागण्याची शिस्त रुजविली. आपल्या कुलवृत्तान्तांस हवी आहे ती हीच मर्यादा व हीच शिस्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वंशवृक्षात मुली बहुधा अनामिक असतात आणि सुना ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येतात. चंदगडी बोलीवर कोकणीची छाया आहे, कन्नडचा शेजार आहे. मावळ-कोकणाच्या उत्तरेकडून आलेले कुटुंब या मुलखात रुजते, तेव्हा त्याची पोरे पहिले शब्द कोणाकडून शिकतात? ज्या सुना आसपासच्या गावांतून येतात, त्यांच्याकडून. म्हणजे घराचे नाव पुरुषांनी राखले, तरी घराची भाषा स्त्रियांनी घडविली. त्यांना वगळणारा वृत्तान्त आपल्याच घराची वाणी समजावून सांगू शकत नाही.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून सुचवावेसे वाटते की, त्यांनी वंशवृक्षाच्या प्रत्येक रेषेपुढे आधार नोंदवावा : कागद, परंपरा की तर्क. जेथे कागद नाही तेथे रेषा तुटक ठेवावी. पारगडच्या परंपरेचा मान त्यामुळे उणावत नाही. गड राखून राहिलेल्या माणसांची निष्ठा वंशावळीच्या अखंडतेवर अवलंबून नाही. इतिहासाची विश्वसनीयता मात्र त्या तुटक रेषेच्या प्रामाणिकपणावरच उभी असते.