पटसंख्येचा भागाकार

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा पुढे आलेले आकडे असे: वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांतील मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले! पत्रात कारण गुणवत्तेचे होते. पण हा भागाकार केला, की बोलणे खर्चावर येतेच.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. गुणोत्तर दिसले की आधी छेद तपासायची सवय. हेच आकडे शाळांच्या संख्येने भागून पाहा. दर शाळेत सुमारे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. ही काही चैन नव्हे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हवेत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. हे दोघे चार-पाच इयत्ता सांभाळतात. एक जण बैठकीला गेला, की दुसऱ्यापुढे सगळी शाळा. मुले तीन असोत वा तीस, पहिलीची अक्षरओळख आणि चौथीचा भागाकार एकाच वेळी एकाच फळ्यावर होत नाही. मुलामागचा खर्च फुगलेला दिसतो, तो छेद लहान झाल्यामुळे. अंशात उधळपट्टी कोठे आहे?

अंतराचा हिशोबही असाच. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. पण हा किलोमीटर मोजायचा कसा? रायगड किनाऱ्यावरचे काशीद घ्या. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला फणसाडच्या जंगलाचे डोंगर, मधल्या पट्टीतून जाणारा अलिबाग-मुरूड रस्ता. किनाऱ्यावर कंपासचे टोक ठेवून वर्तुळ काढले, तर निम्मे पाण्यातच जाते. उरलेल्या निम्म्यात चढ आहेत, पावसाळी ओढे आहेत. नकाशावर वर्तुळात बसणारे घर चालताना वर्तुळाबाहेर असू शकते. आपल्या गावच्या नकाशावर वाटेच्या वळणांवरून दोरा ठेवून मुलांकडून हे जरूर मोजून घ्या. मग तीच वाट घड्याळ लावून चाला, एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैत.

वर्गात तिघेच असतील तर खो-खोचा संघ होत नाही, बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत, हे खरेच. समूह शाळेच्या बाजूचा हा मुद्दा आम्हांला मान्य आहे. पण मुले आणायला गाडी हवी. शासनाने ती दिली, तर तिचा खर्च पुन्हा अंशातच मिळवावा लागेल. नाही दिली, तर पोराला पोचवण्यासाठी आईच्या मजुरीचा खाडा होईल, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसणार नाही.

गाडीची तरतूद कोणत्या शीर्षाखाली, किती वर्षांसाठी, आणि गाडी बंद पडेल त्या दिवशी सहा वर्षांच्या मुलाने शाळेत यायचे कसे, हे ज्या प्रस्तावात लिहिलेले असेल तो आम्ही पुन्हा वाचायला तयार आहोत.