गडाखालचीं पुस्तकें

पुस्तक कोठें बसून वाचलें याचा उल्लेख परीक्षणांत करूं नये, असा एक अलिखित दंडक आहे. ग्रंथाचे गुणदोष ग्रंथांत शोधावे, वाचकाच्या खुर्चींत नव्हे, असें त्याचें समर्थन करण्यांत येतें, आणि वर्गांत आम्हीही विद्यार्थ्यांना तेंच सांगत असतों. तथापि यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटींत भोर आणि वेल्हे या तालुक्यांत राहून जीं पांचसहा पुस्तकें आम्हीं वाचलीं, त्यांच्यासंबंधानें लिहितांना हा दंडक पाळणें आम्हांस शक्य नाहीं. एक अपवाद सोडला तर हीं सर्व पुस्तकें या ना त्या नात्यानें त्याच खोऱ्यांशीं बांधलेलीं आहेत. आणि समोर रोहिडा किंवा तोरणा उभा असतां एखादें वर्णन खरें कीं उसनें, हें ताडण्यास टीकाशास्त्राची फारशी गरज राहत नाहीं.

वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला. किल्ल्याचा मान मोठा, तेव्हां त्याबद्दल तक्रार कोण करील? पण पुस्तकांनीं हें नामांतर फार पूर्वींच करून ठेवलें आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हीं चार नांवें घेतलीं कीं बहुतेक ग्रंथकारांचा या मुलखाशीं असलेला व्यवहार संपतो. गुंजवणी, वेळवंडी, नीरा यांच्या कांठीं माणसें राहतात, पावसांत भात लावतात, मुलांना पुण्या-मुंबईस धाडून त्यांच्या पैशांची वाट पाहतात, हें त्यांच्या लेखीं पायथ्याशीं गाडी ठेवण्यापुरतेंच. कोणतें पुस्तक वर चढून वरच राहिलें आणि कोणतें खालीं उतरून आलें, एवढा एकच प्रश्न मनाशीं धरून आम्ही वाचीत गेलों.

ग्रँट डफला आपल्याकडे बहुधा दोष देण्यासाठींच उघडतात. नीळकंठराव कीर्तने यांनीं १८६७ सालीं त्याच्यावर केलेली टीका योग्यच होती, आणि माणसांच्या हेतूंविषयीं तो जें लिहितो तें आजही रुचत नाहीं. पण साताऱ्यास असतांना पंतसचिवादि जहागीरदारांशीं त्यानें करार ठरविले होते. हा मुलूख त्याच्या रोजच्या कामाचा होता. १८२६ च्या त्याच्या ग्रंथांतील घाटमाथ्याचें व मावळांचें आरंभींचें वर्णन वाचतांना हें पदोपदीं जाणवतें. भूगोल त्याचा घ्यावा, इतिहास इतरांचा, अशी वांटणी करून आम्हीं त्याला बाजूला ठेवलें. बाबासाहेब पुरंदरे यांचें 'राजा शिवछत्रपती' हें मोठ्यानें वाचण्याचें पुस्तक आहे. मनांत वाचलें कीं त्याचा अर्धा प्राण जातो. शेजारच्या मुलांना त्यांतलीं दोन प्रकरणें वाचून दाखविलीं, तेव्हां त्याचें सामर्थ्य कळलें. एकट्यानें मात्र तें सलग वाचवेना. सतत तारसप्तकांत गाणारा गवई थोडा वेळच ऐकवतो.

या दोहोंहून अगदीं निराळी वस्तु म्हणजे जेधे शकावली. भोर तालुक्यांतील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांत ती जपली गेली, लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केली. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया हा शिवजन्माचा दिवस तिनें दिला म्हणून ती गाजली. आणि त्या एका नोंदीवरून इतके वाद झाले कीं बाकीचीं पानें पुष्कळांच्या वाचावयाचीं राहूनच गेलीं. शके १५४० पासून १६१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांच्या या नोंदी. वर्ष, महिना, तिथि, घडलेली गोष्ट. पुढें पुन्हा वर्ष. सभासद आपली बखर दूर जिंजीस बसून लिहितो, आणि आठवण म्हटली कीं तींत भक्तीही मिसळते व भाषाही. शकावलीकार फक्त टिपून ठेवतो. पहिल्या दिवशीं आम्हांला पंचांग वाचल्यासारखें वाटलें. तिसऱ्या दिवशीं ती खालीं ठेववेना.

तिला जोडूनच जेध्यांचा करीना वाचावा. १६५९ सालीं अफजलखान चालून आला, तेव्हां त्यास सामील होण्याविषयीं विजापूरचें फर्मान कान्होजी जेध्यांस आलें. न ऐकावें तर वतनावर गदा. कान्होजी आपल्या पांच मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनीं वतनावर पाणी सोडलें. त्याच रोहिडखोऱ्यांतील उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाले. कारी आणि उत्रोळी हीं दोन्ही गांवें आज एकाच तालुक्यांत आहेत; दोन्हीकडचे लोक भोरच्या बाजारांत एकमेकांस भेटतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग निष्ठा आणि फितुरी या दोन शब्दांत निकालांत निघतो. करीन्यांत तसा निघत नाहीं, कारण वतन म्हणजे काय हें लिहिणाऱ्यास ठाऊक होतें. जमीन, मानपान, पूर्वजांनीं रक्त सांडून राखलेला हक्क, आणि उद्यां मुलांनीं कोठें उभें राहावयाचें याचें उत्तर, एवढें सगळें त्या एका शब्दांत होतें. 'पाणी सोडणें' हा आपल्याला केवळ वाक्प्रचार झाला आहे; त्या घरांत ती कृति होती. जवळचा शेजारी उलट दिशेस जातांना दिसत असतां ती करावयाची, हें त्या कोरड्या गद्यांतून जितकें अंगावर येतें तितकें आमच्या ऐकण्यांतल्या कोणत्याही पोवाड्यांतून आलेलें नाहीं.

यानंतर 'उषःकाल' हातीं घेतला. करमणूक पत्रांतून १८९५ पासून क्रमशः आलेली हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी आम्ही तिसऱ्यांदा वाचीत होतों. तींतील सुलतानगड कल्पित आहे, आणि तो कल्पित आहे हें राजगडाच्या पायथ्याशीं फारच स्पष्ट होतें. त्या गडावर वारा नाहीं, धुकें नाहीं, चढतांना कोणास धाप लागत नाहीं. संभाषणें चालतात तीं जणूं सदाशिव पेठेंतील चौसोपी वाड्यांत. आपटे घरांतले कादंबरीकार, डोंगरांतले नव्हेत. परंतु बादशाहीशीं इमान राखणारे रंगराव आप्पा आणि तिकडून मन उडालेला त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यामधील ताण वाचतांना, कारी आणि उत्रोळी यांमधलें अंतर त्यांनीं एका घराच्या उंबऱ्यांत आणून ठेवलें आहे, असें वाटलें. करीना वाचल्यावरच हें ध्यानांत येतें. म्हाताऱ्याचें इमान खोटें नाहीं, आणि मुलाचेंही नाहीं. डोंगर चुकला तरी माणूस चुकला नाहीं. आणि कादंबरीकाराच्या बाबतींत आम्ही हाच सौदा पत्करूं.

गो. नी. दांडेकरांना डोंगर पाठच होते. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचतांना प्रथमच असें वाटतें कीं लेखकाचे पाय दुखत आहेत, त्यास तहान लागली आहे, आणि झोंपडींतल्या माणसानें पुढें केलेली भाकरी त्यास किल्ल्याइतकीच महत्त्वाची वाटते. मावळी बोली त्यांच्या कानांतून आलेली आहे, कोशांतून नव्हे. आमची तक्रार एवढीच कीं, ते त्या माणसांवर इतकें प्रेम करतात कीं त्यांच्यापाशीं हिशेब मागत नाहींत. त्यांचा मावळा गरीब असतो, पण कर्जांत नसतो. गिल्बर्ट व्हाइट नांवाच्या धर्मोपदेशकानें सेलबोर्न या एका खेड्यावर १७८९ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याची येथें सारखी आठवण होत होती. तो वाटसरू नव्हे, रहिवासी होता. पाकोळी केव्हां येते तें सांगतां सांगतां तो गांवची गरिबीही सांगून जातो. दांडेकर वाटसरूंमध्यें श्रेष्ठ. पण वाटसरूच.

राहिलें विश्वास पाटलांचें 'झाडाझडती'. आमच्या यादींतील अपवाद तो हाच, कारण ही कादंबरी या तालुक्यांवरची नव्हे. धरणांत बुडालेल्या गांवाची ती कहाणी आहे आणि १९९२ सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आम्हीं ती भाटघरच्या पाण्याकांठीं वाचली. या जलाशयास पहिलें नांव व्हाइटिंग या इंजिनियराचें होतें. १९२७ च्या सुमारास मोठें धरण पुरें झालें तेव्हां त्यास लॉइड या गव्हर्नराचें नांव मिळालें. आतां तें येसाजी कंकांचें आहे. तीन नांवें झालीं, त्यांत बुडालेल्या गांवाचें एकही नाहीं. पाणी कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडे ऊंस पिकवावयास जातें. पलीकडे वेल्ह्यांत पानशेत. तें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, आणि पुण्याच्या पुरावर आम्हां पुणेकरांनीं पुष्कळ लिहिलें, अजूनही लिहितों. धरणाच्या वरच्या अंगास जें त्यापूर्वींच बुडालें होतें, त्यावर आमच्या वाचनांत एकही पुस्तक नाहीं. आणि हें परीक्षण लिहितांना जवळ ठेवलेल्या चहाचें पाणी त्याच खोऱ्यांतून नळानें येतें. मँचेस्टरच्या पाण्यासाठीं थर्लमिअरचें सरोवर फुगविण्याचें घाटत होतें, तेव्हां रस्किनसारखा माणूस विरोधास उभा राहिला. त्या सरोवरांना वर्ड्सवर्थचा आधार होता. वेळवंडीला कोणाचा?

कादंबरी म्हणून 'झाडाझडती'त दोष आहेत. ती लांबली आहे. दुष्ट माणसें फार दुष्ट आहेत, आणि अश्रूंना खंड नाहीं. परंतु पाटील स्वतः महसूल खात्यांत अधिकारी होते. नोटीस, मोजणी, पंचनामा, मोबदल्याचा हप्ता, आणि ज्या टेबलावर कागद अडतो तें टेबल, हें सर्व त्यांनीं आंतून पाहिलेलें आहे. करीन्यांतील वतन आणि यांतील सातबारा हे शब्द एकाच घरचे. एके काळीं वतनावर पाणी स्वतःच्या हातानें सोडलें गेलें, तें कोणासाठीं हें सोडणारास माहीत होतें. या कादंबरींतल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर पाणी दुसऱ्यांनीं सोडलें आहे. ही तुलना पाटलांनीं केलेली नाहीं, त्यांना ती अभिप्रेतही नसेल. एकामागून एक हीं दोन पुस्तकें त्या कांठावर वाचल्यानें ती आमच्या मनांत उभी राहिली, आणि आतां जात नाहीं.

वेल्ह्याकडील कांबरे गांवचें कांबरेश्वराचें देऊळ या जलाशयांत बुडालेलें असतें आणि मे महिन्यांत पाणी ओसरलें कीं उघडें पडतें. तेवढ्या दिवसांत माणसें दर्शन घेऊन येतात. 'झाडाझडती' व शकावली हीं दोन आम्हीं टेबलावरच राहूं दिलीं आहेत. बाकीचीं ग्रंथालयांत परत गेलीं, एक 'उषःकाल' सोडून. तो घरांतील धाकट्या मुलीनें पळविला असून रंगराव आप्पांवर ती फार रागावलेली आहे.