जादूचे वर्ग पाडतो कोण?

हल्लीची फँटसी कादंबरी मागून उघडली की आधी तक्ता लागतो. शक्ती कोणती, तिचा उगम कशात, ती कुणाला लाभते, वापरल्यावर अंगातले किती बळ जाते, सगळे रकान्यांत भरलेले. मराठीत अद्भुतिका लिहू पाहणारे तरुणही आता हस्तलिखितासोबत असा तक्ता जोडतात. अग्नी, जल, वायू, पृथ्वी, वर एखादी गूढ पाचवी शक्ती आणि प्रत्येकीच्या पायऱ्या. तक्ता पक्का असतो, माणसे कच्ची राहतात. असली हस्तलिखिते वाचून माझा संयम संपला आहे.

या प्रघाताचे मूळ वाचकांना माहीत आहे. 2007मध्ये फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने जादूबद्दलचा आपला पहिला नियम मांडला: जादूने पेच सोडवायचा असेल तर ती वाचकाला आधी कळलेली हवी. नियम रास्त आहे. त्याच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये गिळलेला धातू पोटात ‘जाळून’ वस्तू ढकलायच्या-ओढायच्या, ही कल्पना त्याने चोख निभावली आहे. पण अनुयायांनी कथानकापुरत्या या नियमाचे शास्त्र केले आणि सगळी जादू ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ अशा दोन ढिगांत लोटली. वाचकाला जादू किती कळते, एवढेच ही वाटणी मोजते. त्या जगातल्या माणसांना ती काय करते, याबद्दल तिला काही म्हणायचे नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या जादूच्या आठ शाखा खेळासाठी केलेल्या आहेत, त्यांनी तिथेच राहावे.

वर्गीकरणातून थोर साहित्य होऊ शकते, हे अर्सुला ले ग्विनने दाखवून दिले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) मधल्या रोक बेटावरच्या विद्यालयात नऊ गुरू आहेत: वाऱ्याचा, वनौषधींचा, हातचलाखीचा, रूपांतराचा, नावांचा आणि इतर. वरवर हाही तक्ताच. पण पोरसवदा नायक गेड हातचलाखीच्या गुरूला विचारतो, की खड्याचा दिसायला हिरा झाला, तो कायमचा हिरा कसा करायचा? तेव्हा आभास आणि खरा पालट यांतला फरक त्याच्यापुढे नीतीचा प्रश्न होऊन उभा राहतो. खडा खरोखर बदलला की जग बदलते, आणि त्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो. इथे दोन वर्गांमधल्या रेषेवर एका मुलाचे चारित्र्य घडते.

त्याहून मोठी गोष्ट ले ग्विनने पुढे केली. रोकवर बायकांना प्रवेश नाही, आणि बायकांच्या जादूला दुबळी व दुष्ट ठरवणारी म्हण त्या जगात रूढ आहे. पहिल्या पुस्तकात हे सारे निसर्गनियमासारखे येते. याच मालिकेतल्या ‘तेहानू’त (1990) मात्र गेडची शक्ती संपलेली आहे, आणि आपण जग पाहतो ते टेनार या विधवेच्या, एका भाजलेल्या मुलीच्या आणि गावातल्या चेटकिणीच्या बाजूने. 2001च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’त तर कळते, की रोकचे विद्यालय उभारण्यात बायका होत्या. त्यांना नंतर हुसकावले गेले. म्हणजे नऊ गुरूंची ती भव्य रचना एका पक्षाने लिहिलेला इतिहास होता. स्वतःच उभारलेल्या जगाची अशी उलटतपासणी घेणारा दुसरा लेखक मला या प्रकारात आठवत नाही.

या वाटेने एन. के. जेमिसिन सर्वांत पुढे गेली. ‘द फिफ्थ सीझन’ (2015) या तिच्या त्रयीच्या पहिल्या भागात भूकंप शमवू शकणाऱ्या माणसांना फुलक्रम ही संस्था अंगठ्यांनुसार श्रेणी देते, जास्तीत जास्त दहा. श्रेणी वाढली की मान वाढतो, साखळी मात्र सुटत नाही. ज्या मुलांना काबूत आणता येत नाही, त्यांची शुद्ध हरपवून त्यांना चौक्यांवर जखडतात आणि त्यांच्याकडून जमीन स्थिर ठेवून घेतात. हे वर्गीकरण म्हणजे सत्ता आहे, आणि तिसऱ्या भागापर्यंत ते अज्ञानही ठरते. त्रयीच्या तिन्ही भागांना 2016, 2017 आणि 2018 असा सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

आता मराठीकडे येतो. धुंडिसुत मालूचा ‘नवनाथ भक्तिसार’ 1819चा. आजही घरोघर त्याचे पारायण होते. त्यात संजीवनी मंत्र घोकता घोकता गोरक्ष मुलांसाठी चिखलाचा बाहुला करतो, त्यात प्राण येतो आणि गहिनीनाथ जन्मतो. विद्या अंगवळणी पडण्याआधीच काम करून जाते. याहून ताजी जादू कुठल्या तक्त्यात आहे? आपल्याकडच्या तंत्रपरंपरेने सहा कर्मे सांगितली: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. इथे वर्ग पंचमहाभूतांवरून पडत नाहीत. समोरच्या माणसाचे तुम्हाला काय करायचे आहे, यावरून हे वर्ग पडतात. या सहा शब्दांत सहा कादंबऱ्या आहेत, आणि आमचे तरुण आगीचे गोळे फेकत बसले आहेत.

शिवाय हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. साधूच्या अंगी असली तर सिद्धी, एकट्या म्हातारीच्या अंगी असली तर करणी, हा भेद आपल्या समाजाने केला आणि त्यापायी बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले. 20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हाही त्यात गुन्हा मानला गेला. कायद्यालासुद्धा वर्ग पाडावे लागले. ज्या भूमीत हे घडले तिथल्या अद्भुतिकेत जादूची वर्गवारी निरागस कशी राहील? फँटसी म्हणजे सुटका, तिथे हे कशाला, असे कुणी म्हणेल. ले ग्विन आणि जेमिसिन वाचूनही ज्याला हे म्हणावेसे वाटते, त्याच्याशी माझे भांडण आहे.

तरुण लेखकांना माझी विनंती आहे. तक्ता हवाच असेल तर तो परिशिष्टातून काढा आणि कथेतल्या कुणाच्या तरी हाती द्या: मठाच्या, दरबाराच्या, गावच्या पंचांच्या. मग ज्या बाईचे नाव त्यांनी चुकीच्या रकान्यात घातले आहे, तिच्यापासून लिहायला लागा.