लाळ्या-खुरकूतचा विषाणू : पुरावा पेशीतला आणि पुरावा जनावरातला

पशुरोगांच्या विषाणूंवरील अलीकडच्या निबंधांत एक साचा रूढ झालेला दिसतो. विषाणूचे एखादे प्रथिन घ्यावयाचे, मानवी मूत्रपिंडाच्या संवर्धित पेशींत ते भरमसाट प्रमाणात निर्माण करावयाचे आणि इंटरफेरॉनचा संकेत मंदावला की त्यास प्रतिकारशक्तीचा वैरी ठरवावयाचे. अशा वैऱ्यांची यादी इतकी लांबली आहे की, विषाणूला स्वतःच्या वाढीस सवड केव्हा मिळते, असा प्रश्न पडावा.

लाळ्या-खुरकूतच्या एल-प्रोटिएझवरील संशोधन याहून निराळ्या जातीचे आहे. हे प्रथिन पेशीतील ईआयएफ-४जी हा घटक तोडते व यजमानाची प्रथिननिर्मिती थोपविते. विषाणूच्या आरएनएला रायबोसोमसाठी अंतर्गत प्रवेशस्थान असल्याने त्याचे काम मात्र चालूच राहते. हे ज्ञात होतेच. १९९५ मध्ये पिकोने व सहकाऱ्यांनी एल-प्रोटिएझचा जनुकभागच वगळलेला विषाणू सिद्ध केला, तेव्हा प्रश्न गोठ्यापर्यंत नेता आला. हा विषाणू गाईंना श्वासावाटे दिला असता रोगलक्षणे उमटली नाहीत. १९९९ मध्ये चिनसांगाराम व सहकाऱ्यांनी कारण दाखविले : इंटरफेरॉनचा संदेशवाहक आरएनए दोन्ही विषाणूंच्या संसर्गात तयार होतो; मूळ विषाणू त्यापासून प्रथिन बनू देत नाही. शिवाय, इंटरफेरॉनची व्यवस्था नसलेल्या बीएचके-२१ पेशींत एल-विरहित विषाणू जवळजवळ मूळासारखाच वाढतो. माझ्या मते साऱ्या युक्तिवादाचा भार या उलटतपासणीवर आहे. साचेबंद निबंधांत नेमकी तीच नसते.

तथापि, वर्गात आपण सांगतो ते 'प्रथिननिर्मिती बंद, म्हणून इंटरफेरॉन नाही' हे स्पष्टीकरणही आता अपुरे म्हणावे लागेल. २००९ मध्ये एल-प्रोटिएझच्या 'सॅप' नामक भागात फेरफार करण्यात आला. बदललेले प्रथिन ईआयएफ-४जी पूर्ववत तोडते. पण एनएफ-कप्पा-बी या नियामकाचा ऱ्हास त्याच्याने होत नाही. असा विषाणूदेखील डुकरांत रोग उत्पन्न करीत नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तोडण्याची क्षमता शाबूत असूनही विषाणू निष्प्रभ ठरला.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. प्रचलित मृत लसीसाठी जिवंत, रोगकारक विषाणू आधी मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो. २००७ साली इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या प्रयोगशाळा-परिसरातील सांडपाण्याच्या नळांतून तो निसटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. शेजारच्या गोठ्यांत रोग पसरला. मुळातच निरुपद्रवी केलेला विषाणू बीज म्हणून वापरावयाचा, तर प्रथिनाचा कोणता भाग काढावा, हे गाईच्या व डुकराच्या शरीरातच ठरवावे लागते.