गिधाड : पक्षी आणि प्रतीक

वाङ्मयातील प्रतीकांची परीक्षा करताना, ते लेखकाच्या आशयास पुरे पडले की नाही, एवढेच आपण बहुधा पाहतो. ज्या वस्तूवरून ते घेतले तिच्याशी ते प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न टीकाकार सहसा विचारीत नाहीत. गिधाडाच्या बाबतीत मात्र तो विचारावयाची वेळ आली आहे, असे मला वाटते.

मराठीत 'गिधाड' ही शिवी आहे. वारशावर टपलेला भाऊबंद, अडलेल्यास नाडणारा सावकार, यांना आपण बिनदिक्कत गिधाड म्हणतो. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकाने या शिवीस वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. पैशासाठी बापावर हात टाकणारी मुले त्यात आहेत, आणि त्यांचा निवाडा नाटकाचे नावच करते. नाटकाच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. परंतु त्यातील गिधाड आकाशातून आलेले नाही. ते आपल्या बोलीतून आले आहे. खरे गिधाड मेलेल्या गुरांवर निर्वाह करते. जिवंताचा जीव घेणे हा त्याचा धर्म नव्हे. जिवंत बापाचे लचके तोडणाऱ्यांस त्याचे नाव देण्यात अन्याय झाला असेल तर तो पक्ष्यावर झाला आहे.

यावर कोणी म्हणेल की, वाङ्मय म्हणजे पक्षिशास्त्र नव्हे. कोल्हा लबाड आणि गाढव मूर्ख हेही संकेतच आहेत. हा आक्षेप १९७० साली मी मान्य केला असता. त्या काळी गिधाडे देशात लाखोंनी होती. गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर ती तासाभरात निकालात काढीत, हे प्रेक्षकाने पाहिलेले असे. प्रतीकाने अतिशयोक्ती केली तरी डोळे ती दुरुस्त करीत. आज ते डोळे उरले नाहीत. मी एकदा वर्गात विचारले, "गिधाड कोणी पाहिले आहे काय?" एकही हात वर झाला नाही. शिवी मात्र सर्वांस ठाऊक होती. वस्तू गेली आणि तिची निंदा तेवढी मागे राहिली, अशी ही स्थिती आहे.

वस्तू गेली ती आपोआप गेली नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारी एक या प्रमाणात उरली. रोगाची साथ असावी असा प्रथम तर्क होता. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून खरे कारण उघड झाले. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध त्यांच्या शवांत राहते, आणि ते पोटात गेले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शेकडा एकाहून कमी शवे दूषित असली तरी एवढा संहार घडण्यास ती पुरेशी होती, असे गणिताने दाखविले. २००६ साली भारताने हे औषध गुरांसाठी बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्यांवरही निर्बंध आला. पुढे २०२३ साली तशाच आणखी दोन औषधांस गुरांसाठी मनाई झाली. ज्यास आपण लोभाचे प्रतीक केले, तो पक्षी आपल्याच हातून मेला, तोही आपल्या ध्यानीमनी नसता.

अलीकडे या पक्ष्याची बाजू घेणारे लेखनही पुष्कळ होते. पण त्यात तो 'निसर्गाचा सफाई कामगार' म्हणून येतो. हे वर्णन खरे असले तरी मला अपुरे वाटते. उपयोग सांगून मिळविलेली दया उपयोग संपताच संपते.

या दोहोंहून मोठी दृष्टी आपल्या परंपरेत आहे. वाल्मीकीच्या अरण्यकांडातील प्रसंग आठवावा. सीतेच्या शोधात निघालेल्या रामास रक्ताने माखलेला जटायू दिसतो, आणि यानेच सीतेस खाल्ले असे समजून तो धनुष्य सज्ज करतो. म्हणजे आपल्या शिवीतील चूक प्रत्यक्ष रामाच्याही हातून घडते! जटायू बोलतो तेव्हा कळते की, तिच्यासाठी रावणाशी झुंजून त्याने आपले पंख गमावले आहेत. मग राम त्याचा अग्निसंस्कार करतो. पित्याच्या अंत्यसमयी वनात असल्यामुळे जो संस्कार त्यास करता आला नव्हता, तो तो पित्याच्या या मित्रास देतो. इतरांची प्रेते खाऊन जगणाऱ्या पक्ष्यास पुत्राच्या हातचा अग्नी मिळावा, ही कविकल्पना नुसत्या करुणेची नव्हे. ती पूर्वग्रहाच्या प्रायश्चित्ताची आहे. नाशिक जिल्ह्यातील टाकेद येथे जटायू पडला असे लोक आजही मानतात.

आज ते प्रायश्चित्त दुसऱ्या मार्गाने चालले आहे. हरियाणातील पिंजोर येथे मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखाते ही गिधाडे वाढवीत आहेत. जोडपे वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात; तेव्हा हे काम किती सावकाशीचे आहे ते उघड आहे. २०२४ च्या जानेवारीत तेथून २० गिधाडे विदर्भात, ताडोबा व पेंचच्या अरण्यांत सोडण्यासाठी आणली गेली. परंतु पिंजऱ्याचे दार उघडल्याने पक्षी परत येत नाही. तो ज्या गुरावर उतरेल ते निर्विष असावे लागते, आणि ते सर्वस्वी माणसांच्या हाती आहे.

तेंडुलकरांचे नाटक आपण वाचावे, शिकवावे. त्याचे नाव बदलण्याची काही गरज नाही. मात्र शिक्षकाने त्याच तासास अरण्यकांडातील तो प्रसंगही मुलांपुढे ठेवावा, आणि जटायूचे वंशज कशाने मेले तेही सांगावे. उद्या विदर्भातील एखाद्या मुलास आकाशात ते रुंद पंख दिसले, तर त्याच्या तोंडी प्रथम शिवी न येता नाव यावे, एवढे तरी आपल्या भाषेने करावयास हवे.