शून्य ओळी

मंडळी, गेल्या आठवड्यात एक विद्यार्थी त्याचा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम घेऊन आमच्याकडे आला. आम्ही मूळचे तत्त्वज्ञानवाले, पण निवृत्तीनंतर हा नाद लागलाय. हजेरीचा एक क्लास, त्याच्या पोटात आयएफस्ट्रीम. कन्स्ट्रक्टर फाइल उघडणार, दुसरं फंक्शन ओळी मोजणार. उत्तर दर वेळी शून्य. पोरानं दोन दिवस मोजणारं फंक्शन उलटंपालटं केलं, आणि दोष तिथे नव्हताच. प्रोग्राम एका फोल्डरमधून चालत होता, फाइल दुसऱ्यात होती. ती उघडलीच नव्हती.

आता आमची तक्रार ऐका. फाइल रिकामी असली तरी शून्य, उघडली नाही तरी शून्य! भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे प्रमाण मानलं, पण अट घातली: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाहीच असं म्हणता येत नाही. न उघडलेली स्ट्रीम ही तशी अंधारी खोली आहे, आणि विचारल्याशिवाय ती तसं सांगत नाही.

याला इतिहास आहे. स्ट्रीमची मूळ कल्पना त्या भाषेत एक्सेप्शन येण्याआधीची. म्हणून चूक झाली की ती आतल्या आत फेलबिटची खूण करते आणि गप्प बसते. साध्या प्रोग्राममध्ये उघडणं आणि वाचणं शेजारशेजारच्या ओळींत असतं, तिथे हे एक वेळ चालून जातं. क्लासमध्ये उघडणारा एकीकडे, वाचणारा दुसरीकडे. मग विचारायचं कोणी? आमच्या मते कन्स्ट्रक्टरनंच. इज ओपन विचारावं, उत्तर नकारार्थी आलं तर तिथेच एक्सेप्शन फेकावा. अर्धवट ऑब्जेक्ट जन्मालाच येऊ देऊ नये.

एक गोष्ट मात्र या रचनेनं चोख केली आहे. स्ट्रीमची प्रत निघत नाही. असा ऑब्जेक्ट फंक्शनला व्हॅल्यूनं द्यायला गेलात की कंपायलर अडवतो. रेफरन्सनं द्यावा लागतो. पोरं वैतागतात, पण एका उघड्या फाइलला दोन मालक झाले तर ती बंद कोणी करायची? 2011 च्या प्रमाणापासून मालकी हलवता येते, प्रत नाहीच.

असो. पोरानं दुरुस्ती केली, ओळी बरोबर आल्या. खात्रीसाठी पुन्हा मोजल्या, तर परत शून्य! या वेळी इज ओपन विचारलं तर 'हो' म्हणते. पहिल्या वाचनात फाइल संपली होती आणि फेलबिट तसाच राहिला होता. आधी क्लिअर, मग सीकजी शून्यावर, तेव्हा कुठे आकडा आला.