पण झाड कुठंय?

दरवर्षी मार्चअखेरीस वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनभोवती चेरी फुलते आणि आपल्यापैकी बरीच मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून तिकडे धाव घेतात. टोकियो शहराने १९१२ साली भेट म्हणून पाठवलेल्या ३,०२० झाडांची ही पुण्याई! यंदा आमच्या मंडळाच्या पाडव्याला, शाळेच्या कॅफेटेरियात, श्रीखंड-पुरीच्या रांगेला लागूनच सभासदांच्या छायाचित्रांचे छोटेखानी प्रदर्शन मांडले होते. विषय होता, ‘वसंत : चित्रासारखे छायाचित्र’.

प्रदर्शन देखणे होते, यात शंका नाही. पण दहा-बारा चौकटी पाहून झाल्यावर सगळे फोटो एकाच माणसाने काढले असावेत असे वाटू लागले. तेच गुलाबी धुके, कॅमेरा हलवून ओढलेल्या त्याच उभ्या रेघा, संगणकावर वरून चढवलेला तोच कॅनव्हासचा पोत. त्यात माझाही एक फोटो होता. लेकीकडे आलेल्या एक आजी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो, पण झाड कुठंय?” सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर गाडीत बसून घरी आला.

दोष तंत्राचा नाही, हे आधी सांगतो. अर्धा सेकंद शटर उघडे ठेवून कॅमेरा वरून खाली फिरवणे, एकाच चौकटीत तीन-चार एक्स्पोझर घेणे, भिंगाला खेटलेल्या फुलाआडून दूरच्या फांदीवर नेम धरणे, या सगळ्या रीतसर युक्त्या आहेत. प्रश्न असा की, ‘चित्रासारखे’ म्हणताना आपण नेमके कोणते चित्र मनात धरतो? बहुतेकांच्या मनात मोने आणि त्याचे इम्प्रेशनिस्ट सोबती असतात, आणि त्यांच्याकडूनही आपण फक्त अंधुकपणा उचलतो.

व्हॅन गॉगचे बदामाच्या मोहराचे चित्र आठवा. भावाला मुलगा झाला म्हणून १८९० च्या फेब्रुवारीत त्याने ते रंगवायला घेतले. निळ्या आकाशावर फांद्या, आणि त्यांच्या कडा कशा स्पष्ट! प्रत्येक वाकण, प्रत्येक गाठ दिसते. हा स्पष्टपणा त्याने जपानी ठशांवरून घेतला. हिरोशिगेच्या कामेइदो येथील आमराईसारख्या दाट प्लम-बागेच्या १८५७ सालच्या ठशाची त्याने १८८७ मध्ये तैलरंगात नक्कलही केली होती. त्या ठशात एक खोड अगदी डोळ्यांपुढे येते, चौकटीने निर्दयपणे कापलेले, आणि त्याच्या फांद्यांमधून मागची बाग दिसते. आपल्या रागमालेतल्या वसंत रागिणीच्या चित्रांतही पान न् पान वेगळे काढलेले असते. ही सगळी चित्रेच, आणि सगळी वसंताचीच. धुके मात्र कुठेही नाही.

बरे, धुकेच हवे असेल तर आल्फ्रेड स्टिग्लिट्झचे ‘स्प्रिंग शॉवर्स’ पाहावे. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पावसात काढलेले हे छायाचित्र. उभी, अरुंद चौकट. लोखंडी कुंपणातले एक किडकिडीत झाड. शेजारी रस्ता झाडणारा माणूस. मागे पावसात विरलेल्या गाड्या आणि इमारती. फुलांचा पत्ता नाही, तरीही वसंत आहे. धुके पार्श्वभूमीला दिले आहे, झाडाला नाही. काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हे त्याने ठरवले होते. संगणकाचा फिल्टर ते ठरवत नाही. तो झाड, माणूस आणि आकाश एकाच ब्रशने सारवून टाकतो.

हा वाद नवा नाही. पीटर हेन्री एमर्सनने १८८९ च्या आपल्या ग्रंथात सौम्य फोकसची बाजू हिरिरीने मांडली आणि दोन वर्षांच्या आत, छायाचित्रण ही कला आहे हा आपला दावाच मागे घेतला. स्टिग्लिट्झनेही ‘कॅमेरा वर्क’चा १९१७ चा शेवटचा अंक पॉल स्ट्रँडच्या रोखठोक छायाचित्रांना वाहिला. एमर्सनइतके टोक गाठायची गरज नाही. पण चित्रकाराकडून घ्यायची ती त्याची नजर, त्याच्या रंगाचे फराटे नव्हेत, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.

आता माझ्या फोटोविषयी. इथे आल्यावर पहिली काही वर्षे मी दर वसंतात आईला सांगलीला फोटो पाठवीत असे. तिचे उलट टपाली प्रश्न येत : हे झाड कसले? याला फळ धरते का? वास येतो का? तिला उत्तर द्यायचे म्हणून मी झाडाजवळ जात असे, पाकळ्या मोजत असे, सालीवरून हात फिरवीत असे. आई गेली, प्रश्न थांबले, आणि माझ्या फोटोंतले धुके दाट होत गेले. त्याला मी कला म्हणत होतो.

पाडव्यानंतरच्या रविवारी पुन्हा तळ्यावर गेलो. बहर ओसरला होता. एका जुन्या खोडाजवळ बसून, कॅमेरा न हलवता, फक्त एक फांदी टिपली. तिच्यावर चार फुले आहेत आणि तांबूस कोवळी पालवी. फोटो साधाच आला आहे. पुढल्या पाडव्याला त्या आजी इथे असल्या, तर त्यांना दाखवीन.